शोध लागला, गिऱ्हाईक कुठे आहे?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दर दोन-चार महिन्यांनी अशी एक बातमी असते. अमुक संस्थेतल्या संशोधकांनी सांडपाण्यातला रंग काढणारं तंत्र शोधलं, किंवा रक्ताच्या थेंबावरून निदान करणारं यंत्र बनवलं. सोबत पांढऱ्या कोटातला फोटो आणि शेवटी 'लवकरच बाजारात'. आपण कौतुकाने वाचतो, दोन ग्रुपवर फॉरवर्ड करतो. पुढे ती वस्तू काही कुठे दिसत नाही.

शोध खोटा होता म्हणावं, तर तसंही नसतं. पेटंट झालेलं असतं, प्रयोगातले आकडे खरे असतात. संशोधकाने नोकरी सोडून कंपनीही काढलेली असते. मग अडतं कुठे? पैसा नाही, सरकारी खाती हलत नाहीत, ही नेहमीची उत्तरं अर्धी खरी आहेत. पण ज्यांना पैसा मिळाला त्यांचीही गाडी बरेचदा रुततेच. कारण अशा कंपनीपुढे एकाच वेळी चाळीस कामं उभी असतात आणि त्यातलं आधी कोणतं करायचं, हे ठरवायला लागणारा अनुभव प्रयोगशाळेत मिळत नाही. तो अनुभव बाहेरून आणून देणाऱ्या माणसाला हल्ली बिझनेस कोच म्हणतात. हे लोक 'मोठं स्वप्न बघा' छाप भाषणं देतात, असा एक समज आहे, आणि काही जण देतातही. पण चांगल्या कोचचं काम त्याहून पुष्कळ रुक्ष असतं.

डीप-टेकचं दुखणं वेगळं का?

जेवण घरपोच आणणारं ॲप काढायचं, तर ॲप चालेल का, हा प्रश्न फारसा नसतो. लोक ते वापरतील का, एवढंच बघायचं. डीप-टेक म्हणजे नव्या विज्ञानावर किंवा अवघड अभियांत्रिकीवर उभा असलेला उद्योग: नवं औषध, उपग्रह, ड्रोन, बॅटरीचं रसायन, चिप. इथे वस्तू चालेल का आणि कुणी विकत घेईल का, हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी उघडे असतात, आणि त्यांची उत्तरं मिळायला वर्षं लागतात. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी 2007 मध्ये सुरू केलेली आयडियाफोर्ज ही ड्रोन बनवणारी कंपनी घ्या. तिचा ड्रोन 2009 च्या 'थ्री इडियट्स'मध्ये सगळ्या देशाने पाहिला. कंपनी शेअर बाजारात आली 2023 मध्ये.

हा प्रवास मोजायला नासाने 1970 च्या दशकात एक मापपट्टी काढली. पुढे तिच्या नऊ पायऱ्या ठरल्या आणि आता जगभर तीच वापरतात. 'टीआरएल', म्हणजे तंत्रज्ञान कितपत तयार आहे याची पातळी. पहिल्या पायरीवर फक्त तत्त्व कळलेलं असतं. चौथीवर प्रयोगशाळेत जुळणी चालते, सातवीवर नमुना खऱ्या परिस्थितीत चालतो आणि नववीवर ती वस्तू रोजच्या वापरात असते. वर सांगितलेली बातमी साधारण तिसऱ्या-चौथ्या पायरीवर येते. वाचणाऱ्याला वाटतं काम झालं. खरं तर निम्म्याहून जास्त चढण बाकी असते.

आणि ही चढण म्हणजे तेच काम मोठ्या प्रमाणावर करणं नव्हे. घरी पाव किलो डाळीचं पुरण उत्तम जमणारीला लग्नाच्या पातेल्यात तेच पुरण घाटायला सांगा. वर ओलं राहतं आणि खाली करपतं. कृती तीच, हात तोच; पण भांडं दसपट उंच, दसपट रुंद केलं की आतला माल हजारपट होतो आणि उष्णता आत-बाहेर जायला मिळणारा पृष्ठभाग फक्त शंभरपट. रसायनाच्या रिॲक्टरमध्ये हेच गणित चालतं. म्हणून बीकरमध्ये सुतासारखी सरळ वागणारी प्रक्रिया हजार लिटरच्या टाकीत भलतंच काही करते. हे शोधून काढायला पैसा लागतो. गिऱ्हाईक समोर दिसल्याशिवाय तो पैसा कुणी देत नाही, आणि वस्तू तयार नसताना गिऱ्हाईक दिसत नाही. या पेचातून बाहेर पडायची वाट ज्या क्रमाने चालायची, तो क्रम लावणं हे कोचचं मुख्य काम.

पहिली बैठक

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका रसायनशास्त्रज्ञ बाईंनी कापड रंगवल्यावर उरणाऱ्या पाण्यातला रंग वेगळा काढणारी मेम्ब्रेन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा, तयार केली आहे. इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसना, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांना, ती विकायची आहे. समोर कोच बसले आहेत. आयुष्य कारखान्यांना यंत्रं विकण्यात गेलेलं, रसायनशास्त्र बारावीनंतर सुटलेलं.

"मॅडम, घेणार कोण हे?"

"प्रोसेसवाले, सर. तिथे प्रदूषणाचा केवढा मोठा प्रश्न आहे."

"किती जणांशी बोललात?"

"दोघांशी. एक आमच्या मामांच्या ओळखीचे आहेत."

"काय म्हणाले?"

"खूप छान आहे म्हणाले."

"पीओ दिली का?"

इथे बाई गप्प होतात. पीओ म्हणजे परचेस ऑर्डर, खरेदीचा लेखी आदेश. मामांच्या ओळखीचा माणूस चहा पाजतो, कौतुक करतो. पीओ देत नाही.

कोच त्यांना वीस प्रोसेस हाउसची यादी करायला लावतात आणि एक अट घालतात: मेम्ब्रेनचं नाव काढायचं नाही. फक्त त्यांचं पाणी कुठून येतं, कुठे जातं, महिन्याचा खर्च कशावर होतो आणि गेल्या वेळी प्लांट बंद पडला तो कशामुळे, एवढंच विचारायचं.

महिनाभराने बाई परत येतात तेव्हा त्यांच्या वहीत असं काहीतरी असतं. प्रयोगशाळेत त्यांनी एकच रंग शुद्ध पाण्यात विरघळवून चाचणी घेतली होती. खऱ्या सांडपाण्यात कापडाची कांजी असते, तेलाचा अंश असतो, ते गरम असतं आणि पाळी बदलली की त्याचा रंगही बदलतो. अशा पाण्याने मेम्ब्रेन किती दिवसांत चोंदेल, हे त्यांनी मोजलेलंच नाही. मालकांनी मात्र नेमकं तेच विचारलं: चोंदली की किती तास काम बंद, धुणार कोण, आणि शनिवारी रात्री बंद पडलं तर कुणाचा माणूस येणार? रंग किती टक्के निघतो, हे वीसपैकी फार थोड्यांनी विचारलं. बरेच जण आपलं पाणी सामायिक प्रक्रिया केंद्राकडे सोडून मोकळे होतात. त्यांच्या दृष्टीने रंग ही त्यांची डोकेदुखी उरलेलीच नाही.

पण एका पानावर वेगळीच नोंद आहे. सुती कापड रिॲक्टिव्ह रंगांनी रंगवताना पाण्यात भरपूर मीठ घालावं लागतं, गडद रंगाला कित्येकदा लिटरमागे 50 ग्रॅमच्याही वर. ते सगळं मीठ पाण्याबरोबर वाया जातं, आणि नंतर त्याच मिठामुळे पाण्यावर प्रक्रिया करणं महाग पडतं. बाईंची मेम्ब्रेन रंग अडवते, पण मीठ जाऊ देते. म्हणजे पलीकडे येतं ते स्वच्छ खारं पाणी, जे पुढच्या रंगाईला पुन्हा वापरता येईल. बाईंना ही गोष्ट पहिल्या दिवसापासून माहीत होती. त्यांच्या लेखी ती मेम्ब्रेनची मर्यादा होती, कारण मीठ अडत नव्हतं.

आता विकायची वस्तू बदलली. 'प्रदूषण कमी करा' हे वाक्य पर्यावरण अधिकाऱ्याला पटतं. 'मिठाचं आणि पाण्याचं बिल कमी करा' हे मालकाला. आणि पैसे मालक देतो. पुढच्या चार महिन्यांचा प्रयोगही ठरला: रंग 97 टक्क्यांवरून 99 वर नेण्याचा नव्हे, तर खऱ्या सांडपाण्यावर मेम्ब्रेन किती दिवस टिकते, याचा.

या सगळ्यात कोचने मेम्ब्रेनबद्दल एक अक्षरही काढलं नाही.

गिऱ्हाइकाच्या दारात प्रयोग

ही पद्धत आता बरीच शिस्तबद्ध झाली आहे. स्टीव्ह ब्लँक या सिलिकॉन व्हॅलीतल्या मुरलेल्या उद्योजकाने 2011 च्या सुरुवातीला स्टॅनफर्डमध्ये तिचा वर्ग घेतला. त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने ती उचलून 'आय-कोअर' हा कार्यक्रम सुरू केला. त्याची मूळ रचना अशी: तिघांचा गट (संशोधक, त्याचे प्राध्यापक आणि उद्योगातला एक अनुभवी माणूस), 50,000 डॉलर आणि सात आठवडे. या सात आठवड्यांत शंभर संभाव्य गिऱ्हाइकांना भेटायचं. पैसे यंत्र सुधारायला नाहीत, तर लोकांना भेटून बाजार पडताळायला. आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या गोपालकृष्णन-देशपांडे केंद्राने 2017 नंतर याच धर्तीचं प्रशिक्षण सुरू केलं.

शास्त्रज्ञांना हे खरं तर सोपं जायला हवं. आधी गृहीतक लिहायचं, ते खोटं ठरवू शकेल अशी चाचणी लावायची, निकाल आला की गृहीतक बदलायचं. हे त्यांच्या रक्तातच असतं. गंमत अशी, की बाजाराची गोष्ट निघाली की हाच माणूस 'लोकांना हे आवडणारच' असं बिनधास्त म्हणतो. त्याच्या विद्यार्थ्याने प्रबंधात असं वाक्य लिहिलं असतं तर त्याने लाल पेन चालवलं असतं. इटलीत 116 नवउद्योगांवर झालेला एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या चिठ्ठी टाकून निवडलेल्या गटाला आपल्या कल्पना शास्त्रीय पद्धतीने तपासायला शिकवलं होतं. त्या गटाची कामगिरी उरलेल्यांपेक्षा चांगली ठरली, आणि मूळ कल्पना बदलून दुसरी धरण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं.

आठ आठवडे, तीन कामं

कोचिंगचा दुसरा भाग म्हणजे निवड. टोरांटो विद्यापीठाच्या रॉटमन व्यवस्थापन विद्यालयात अजय अगरवाल या प्राध्यापकांनी 2012 मध्ये 'क्रिएटिव्ह डिस्ट्रक्शन लॅब' सुरू केली. त्यांचं निदान मला फार नेमकं वाटतं: नव्या शास्त्रीय उद्योगांना पैशाइतकीच टंचाई असते ती व्यावसायिक निर्णयबुद्धीची, आणि ती दुकानात विकत मिळत नाही. मग त्यांनी तिचा बाजारच भरवला. साधारण दर आठ आठवड्यांनी यशस्वी उद्योजक आणि संस्थापक एकत्र बसतात. प्रत्येक कंपनीला पुढच्या आठ आठवड्यांसाठी तीनच कामं ठरवून दिली जातात. चौथं नाही.

बैठकीच्या शेवटी उद्योजकांना विचारतात, या कंपनीला पुढच्या फेरीत स्वतःचे काही तास द्यायला कोण तयार आहे? हात वर झाले तर कंपनी राहते. एकही हात वर झाला नाही तर बाहेर. ऐकायला कठोर वाटतं. पण 'छान आहे, कळवतो' म्हणून सहा महिने झुलवण्यापेक्षा हे परवडलं.

तीनच कामांचा आग्रह कशाला? संस्थापकाला सगळंच महत्त्वाचं वाटतं म्हणून. वेबसाइट, दुसरं पेटंट, परदेशातलं प्रदर्शन, पुरस्काराचा अर्ज. पगाराला पैसे मात्र नऊच महिने पुरणार असतात. ग्रँटचंही तसंच होतं. केंद्राच्या 'बायरॅक' या संस्थेची बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट 50 लाखांपर्यंत मिळते आणि सुरुवातीला ती संजीवनी ठरते. पण एका ग्रँटनंतर दुसरी, मग तिसरी असं सुरू झालं की कंपनी गिऱ्हाइकाऐवजी निवड समितीसाठी वस्तू बनवू लागते. अशा कंपन्यांची अहवाल लिहिण्याची तयारी उत्तम असते.

[चौकट] कोण काय करतं?
सल्लागार तुमचं काम स्वतः करून देतो आणि अहवाल हातात ठेवतो. मार्गदर्शक, म्हणजे मेंटॉर, तुमच्याच वाटेने आधी गेलेला असतो आणि त्याच्या अनुभवातलं सांगतो. गुंतवणूकदार पैसे देतो. त्याला तुमच्याइतकीच स्वतःच्या पैशाची काळजी असते, त्यामुळे त्याच्यापाशी सगळं मन मोकळं करता येत नाही. कोच प्रश्न विचारतो, क्रम लावायला लावतो आणि पुढच्या बैठकीत 'झालं का?' असं विचारतो. प्रत्यक्षात एकच माणूस यातल्या दोन भूमिका करतो. कोणत्या वेळी कोणती टोपी घातली आहे, हे मात्र त्याने सांगितलं पाहिजे.

पहिली ऑर्डर आल्यावर

वाढीचा टप्पा सुरू झाला की दुखणं बदलतं. मोठ्या कारखान्याला माल द्यायचा तर आधी वेंडर कोड, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंद, लागतो. तो मिळवायला कागदपत्रं, ऑडिट, नमुन्यांच्या चाचण्या. सरकारी निविदा असेल तर सर्वांत कमी दर लावणारा जिंकतो, आणि नवं तंत्र पहिल्या दिवशी कधीच स्वस्त नसतं. खासगी कंपनी फुकट ट्रायल मागते. संस्थापक हुरळून 'हो' म्हणतो, यंत्र नेऊन ठेवतो, आणि सहा महिन्यांनी ते कोपऱ्यात धूळ खात असतं. फुकटच्या ट्रायलला त्या कंपनीत वाली नसतो. कुणाच्याच बजेटमधून पैसे गेलेले नसतात. म्हणून जाणते कोच सांगतात, थोडे का होईना पण पैसे घ्या, आणि कोणता आकडा गाठला की ऑर्डर पक्की, हे ट्रायलच्या आधी लिहून घ्या.

मग उधारी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवावेत असा कायदा 2006 पासून आहे, आणि 2024 पासून त्याला आयकराच्या नियमांचीही जोड मिळाली. पण त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. पीएचडी झालेल्या संस्थापकाला याचा पत्ता नसणं अगदी शक्य आहे.

सर्वांत अवघड प्रश्न माणसांचा. पाच जण असतात तोवर संस्थापक सगळ्यांच्या टेबलाशी जाऊन बघतो. पंचवीस झाले की प्रत्येक निर्णय त्याच्यापाशी येऊन अडतो, कारण सगळ्यात हुशार तोच, आणि त्यालाही ते कुठेतरी आवडत असतं. भारतातल्या वेगाने वाढणाऱ्या 100 तंत्रज्ञान कंपन्यांवर झालेला एक प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संस्थापकांना दुसऱ्या उद्योजकांनी समोरासमोर बसून सल्ला दिला. सल्ला देणाऱ्यांतले काही ठरावीक बैठका घेणारे, उद्दिष्टं ठरवणारे, कामाबद्दल वेळच्या वेळी बोलणारे होते. काहींचा कारभार सैल होता. पहिल्या प्रकारच्यांचा सल्ला ज्यांना मिळाला त्यांच्या कंपन्या दोन वर्षांनी 28 टक्के मोठ्या होत्या आणि बंद पडण्याची शक्यता 10 टक्के-बिंदूंनी कमी. नियमित बैठक घ्या, इतका साधा सल्ला! ज्या संस्थापकांनी आधी एमबीए केलं होतं किंवा ॲक्सिलरेटरमध्ये, म्हणजे नवउद्योगांसाठीच्या ठरावीक मुदतीच्या कार्यक्रमात, प्रशिक्षण घेतलं होतं, त्यांच्यावर मात्र याचा परिणाम दिसला नाही.

इतक्या हुशार माणसांना दुसऱ्याने सांगावं का लागतं? विदर्भातून अमेरिकेला गेलेल्या डॉक्टरांचे चिरंजीव, शल्यविशारद आणि लेखक अतुल गवांदे यांनी आपल्या ऑपरेशन थिएटरमध्ये एका निवृत्त सर्जनना नुसतं बघायला बोलावलं होतं. त्याबद्दल त्यांनी 2011 मध्ये लिहिलं. शस्त्रक्रिया छान झाली होती. पण त्या वृद्ध सर्जननी टिपलं, की वरच्या दिव्याचा झोत जखमेवरून सरकला होता आणि बराच वेळ गवांदे परावर्तित उजेडातच काम करत होते. त्यांना स्वतःला ते कळलंच नव्हतं.

भाव काय आणि खोटा कोच कसा ओळखायचा?

भारतात कोच व्हायला परवाना लागत नाही. कार्ड छापलं की झालात कोच. त्यामुळे चौकशी करणं आपल्याच हाती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची मार्गदर्शन सेवा 2000 पासून चालू आहे. तिच्यात एकाऐवजी तीन-चार मार्गदर्शक एकत्र बसतात, म्हणजे एकाच्या लहरीवर कंपनी चालत नाही. ते फी घेत नाहीत आणि मार्गदर्शन करताना त्या कंपनीत हिस्साही घेत नाहीत. आपल्याकडे पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं व्हेंचर सेंटर आणि आयआयटी मुंबईचं 'साइन' ही विज्ञानाधारित उद्योगांना हात देणारी जुनी ठिकाणं. सुरुवात अशा संस्थांच्या दारातून करणं शहाणपणाचं.

खासगी कोच फी घेतो, यात गैर काही नाही. हिस्सा मागत असेल तर तो सहसा एक टक्क्याच्या आतला असावा, आणि एकदम न देता दोनेक वर्षांत काम होईल तसा हळूहळू द्यावा. पहिल्याच भेटीत 'पाच टक्के द्या, गुंतवणूकदार मी आणतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं. कोच निवडण्याआधी, त्याने पूर्वी ज्यांना शिकवलं अशा तीन संस्थापकांशी बोला, आणि त्यातला एक तरी कंपनी बंद पडलेला असू द्या. तो जास्त खरं सांगेल.

केंद्र सरकारने 2025 मध्ये संशोधन आणि नवनिर्मितीसाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली आहे. तिचा भर टीआरएलच्या चौथ्या पायरीपासून वरच्या, म्हणजे बाजाराजवळ आलेल्या प्रकल्पांवर आहे. तुम्ही त्या पायरीवर उभे असाल आणि कोचच्या पहिल्या बैठकीला निघाला असाल, तर स्लाइडचा संच घरी ठेवा. वीस गिऱ्हाइकांशी बोलून वही भरा आणि ती बरोबर न्या. बैठकीतला पहिला तास तिच्यावरच जायला हवा.